खिन्नतेची सामाजिक मुळे

खिन्नता हा दुबळ्या मनाचा किंवा उण्या श्रद्धेचा परिणाम होय, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतही रुजलेली आहे. तिला छेद देणारा ग्रंथ म्हणजे जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांचा ‘सोशल ओरिजिन्स ऑफ डिप्रेशन’ (१९७८).

लंडनच्या कॅम्बरवेल भागातील ४५८ स्त्रियांच्या मुलाखतींवर तो आधारलेला आहे. लेखकांनी केवळ लक्षणे मोजली नाहीत. त्या स्त्रियांच्या आयुष्यात नुकतेच काय घडले, हेही तपशिलाने ऐकून घेतले. मृत्यू, ताटातूट, घरातील मिळकत बंद होणे, असा एखादा गंभीर आघात किंवा दीर्घकाळची अडचण बहुतेक आजारांच्या आधी आढळली. मात्र आघात सोसलेल्या बहुसंख्य स्त्रिया आजारी पडल्या नाहीत. मग फरक कशामुळे पडला? लेखक चार कारणे सांगतात: मन मोकळे करता येईल अशा जवळच्या माणसाचा अभाव, घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले, घराबाहेर काम नसणे आणि अकराव्या वर्षापूर्वी आईचे छत्र हरपणे. श्रमिक वर्गातील स्त्रियांच्या वाट्याला आघात आणि ही कारणे, दोन्ही अधिक येतात. विषमता मनापर्यंत कशी पोहोचते, हे येथे उलगडते. ग्रंथाचे खरे सामर्थ्य यातच आहे.

त्याला मर्यादाही आहेत. पुरुष या अभ्यासात नाहीत. आईच्या मृत्यूविषयीचे विधानही पुढे सुधारावे लागले. मृत्यूपेक्षा त्यानंतर मुलीची झालेली आबाळ अधिक घातक ठरते, असे याच संशोधकांच्या नंतरच्या अभ्यासातून दिसले. चिंतेचा विचारही येथे अपुरा आहे. गमावल्याच्या दुःखातून खिन्नता, तर येऊ घातलेल्या संकटाच्या भीतीतून चिंता निर्माण होते, हा भेद ब्राऊन यांनी १९८१ मध्ये एका सहकाऱ्यासमवेत मांडला.

तरीही आपल्या वाचकांनी या ग्रंथाचा आशय समजून घ्यावा. खचलेल्या मातेला ‘प्रार्थना कर, धीर धर’ एवढेच सांगून आपण मोकळे होतो. प्रार्थनेचे मोल मी जाणतो. पण कोणी शांतपणे ऐकून घेणे, काही तास मुले सांभाळणे, काम मिळवून देणे हीही त्या मातेची गरज आहे. घरभाडे थकले असेल, तर केवळ सहानुभूतीने ते फिटत नाही. आजाराचे मूळ परिस्थितीत असेल, तर ती बदलण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणे अन्यायाचे ठरेल.