नाणेफेक आणि पोस्टकार्ड

मंडळी, जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले, 19 जुलै 1938 ला. याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण आज मी गौरव करायला उभा नाही. त्यांनी लोकांना आकडे कसे सांगितले, आणि ते सांगणं कुठे पोचलं, कुठे अडलं, एवढंच बघायचं आहे.

2008 चा फलज्योतिषाचा प्रयोग घ्या. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे यांच्या सोबतीनं केलेला. 200 मुलांच्या कुंडल्या; 100 हुशार मुलांच्या, 100 मतिमंद मुलांच्या, म्हणजे त्या वेळी वापरला जाणारा शब्द. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या द्यायच्या आणि त्यानं ओळखायचं, हुशार की मतिमंद. 51 जणांना कुंडल्या गेल्या, 27 जणांची उत्तरं आली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर 50 टक्के आली असती!

बघा, इथे गोष्ट सांगण्याची ताकद आहे. संख्याशास्त्र कळो न कळो, नाणं सगळ्यांना कळतं. आणि यश कशाला म्हणायचं हे आधीच ठरलं होतं: 40 पैकी किमान 28. सर्वांत चांगला निकाल 24 चा. 27 जणांना नाणं उडवायला बसवलं, तर त्यातल्या कुणाला तरी 24 मिळणं यात नवल नाही. उत्तर बघून कसोटी बदलायची नाही, हा त्यातला खरा संस्कार.

आता माझी तक्रार. ती नारळीकरांपेक्षा आपल्यावर, म्हणजे त्यांचे आकडे पुढे सांगणाऱ्यांवर आहे. या प्रयोगानं एक दावा तपासला: कुंडलीवरून बुद्धी ओळखता येते का? आपण मात्र व्याख्यानात ठोकून देतो, 'सगळं ज्योतिष खोटं ठरलं.' मीही तसं बोललोय. निष्कर्ष पुराव्याच्या पुढे पळाला की आपणही भाकितंच करू लागतो.

दुसरी गोष्ट. हे आकडे मी आमच्या घरात सांगितले. सगळ्यांनी मान डोलावली. महिन्याभरात पुतणीच्या लग्नाची पत्रिका जुळवायला ठेवली! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं बरोबर आहे, पण मनाला बरं वाटतं." मी निरुत्तर. आकडा चूक दाखवतो, धीर देत नाही. लोक पत्रिकेकडे माहितीसाठी कमी आणि धीरासाठी जास्त जातात.

मग उपाय? तो नारळीकरांकडेच आहे. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. सही घेऊन मूल गप्प बसतं. प्रश्न विचारायचा तर विचार करावा लागतो. आणि एवढा मोठा माणूस आपल्याला उत्तर लिहितो, हा धीर वेगळाच. आयुकाची उभारणी, दूरदर्शनची मालिका, विज्ञानकथा, हे सगळं मोठंच आहे. पण माझ्या लेखी त्यांच्या विज्ञानप्रसाराचा गाभा त्या पोस्टकार्डात आहे.

नाणेफेकीचा आकडा आपण उचलला, पोस्टकार्ड उचललं नाही. म्हणून घरी आकडा पटतो आणि पत्रिका जुळते. वहिनींना मी टक्केवारी सांगितली. त्यांना भीती कशाची वाटते, हे मात्र विचारलं नाही. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

थांबतो. आता तुमचे प्रश्न.