ट्यूबाचं कौतुक नेमकं कशासाठी?

आज आपल्याला ट्यूबा ऐकायचा आहे, आणि तोही एकट्याने वाजणारा. आपल्याकडे बँड म्हटलं की वरात डोळ्यांसमोर येते. क्लॅरिनेट नि ट्रम्पेट गाणं वाजवतात, मागची जाड वाद्यं त्याला आधार देतात. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातही ट्यूबाची गत फारशी वेगळी नव्हती. १८३५ साली प्रशियात व्हिप्रेख्ट आणि मॉरित्झ या दोघांनी या वाद्याचं पेटंट घेतलं, म्हणजे व्हायोलिनच्या मानाने हे वाद्य अगदी कालचं. द्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिंफनीत ट्यूबावादकाच्या वाट्याला मोजून १४ स्वर येतात, तेही फक्त दुसऱ्या भागात. बाकीचा वेळ तो वाद्य मांडीवर घेऊन बसलेला असतो.

त्यामुळे ट्यूबा पुढे येऊन एकटा वाजू लागला की कौतुक ठरलेलं असतं: एवढं अवजड वाद्य, आणि इतकं भरभर! रिम्स्की-कोर्साकॉव्हचा भुंगा ट्यूबावर उडवला की टाळ्या पडतात. आम्हीही वाजवतो टाळ्या, त्यामागची मेहनत खोटी नसते. पण खरं सांगायचं, तर भुंगा व्हायोलिनवर जास्त चांगला उडतो. ट्यूबावर आपण भुंगा ऐकत नसतो, अडचण ऐकत असतो. आणि अडचणीचं नवल एकदाच वाटतं.

मग प्रश्न असा, की जे फक्त ट्यूबावरच होऊ शकतं असं काही आहे का? आमच्या मते आहे, आणि गेल्या साठेक वर्षांतल्या चांगल्या रचना तेच शोधतायत.

सुरुवात नेहमी वॉन विल्यम्सपासून होते. १९५४ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांनी ट्यूबासाठी कंचर्टो लिहिला. फिलिप कॅटेलिने यांनी तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला, संचालन बार्बिरोलींचं. मधला 'रोमान्झा' हा भाग अवश्य ऐका. ट्यूबा गाऊ शकतो, हे त्यानंतर कुणाला सिद्ध करावं लागलं नाही. मात्र हीच चाल चेलोवरही छान वाजते, आणि वाजवलीही जाते. वाद्याला मान मिळाला, पण गाणं एकट्या त्याचं नव्हतं.

विल्यम क्राफ्ट यांचं 'एन्काउंटर्स टू' आलं १९६६ साली, आणि तिथे गोष्ट बदलली. क्राफ्ट लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये तालवाद्यं वाजवायचे, रॉजर बोबो त्याच ऑर्केस्ट्रात ट्यूबा वाजवायचे. सहकाऱ्याने सहकाऱ्यासाठी लिहिलेली ही रचना. साथीला पियानोसुद्धा नाही. यात वादकाने एक स्वर फुंकायचा आणि त्याच वेळी घशातून दुसरा गायचा. ओठ आणि स्वरयंत्र दोन्ही एकाच हवेला हलवतात, त्या दोन कंपनांच्या मिसळण्यातून तिसरा, कधी चौथाही स्वर ऐकू येतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तिथे तो तारेच्याच पोटात असतो. इथे मात्र माणूस आणि पितळ मिळून तो तयार करतात, आणि गळा किंचित जरी ढळला तरी तो मोडतो. बघा, इथे कसब आहे, पण ते बोटांत नाही, कानात आहे. ट्यूबाचे स्वर माणसाच्या गळ्याच्या खाली असतात, म्हणून वरून गायला जागा मिळते. ट्रम्पेटवर हे इतकं भरदार होत नाही.

पेंडेरेत्स्कींचं १९८०चं 'काप्रिच्चो' इथे ओझरतं सांगून ठेवतो. पोलिश वादक पिएर्निक यांच्यासाठी लिहिलेलं, मिश्किल, नेटकं. स्पर्धांमध्ये ते इतकं वाजतं, की त्यातली गंमत हरवून परीक्षेचा पेपर झालाय. हा दोष रचनेचा नव्हे.

आता श्वास. एफ ट्यूबाची नळी सरळ केली तर सुमारे बारा फूट भरते, त्याहून मोठे ट्यूबा सोळा-अठरा फुटांचे असतात. खालचा स्वर जोरात लावला तर काही सेकंदांत छाती रिकामी होते. बहुतेक संगीतकार हा श्वास लपवायला बघतात. लुइजी नोनोंनी १९८७ साली 'पोस्ट-प्रे-लुदियम पर डोनाउ' लिहिताना उलट केलं. ही रचना ट्यूबा आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्ससाठी आहे, ज्यांच्यासाठी लिहिली ते वादक म्हणजे जानकार्लो स्कियाफ्फिनी. यात ट्यूबा जवळजवळ कुजबुजतो. हवेची सळसळ, अर्धा दाबलेला व्हॉल्व्ह, आवाजात मिसळलेला गळा, हे सगळं मायक्रोफोन उचलतो आणि सभागृहभर फिरवतो. पुष्कळ ठिकाणी कुठल्या वाटेने जायचं ते वादकाने ठरवायचं. डोळे दिपवणारं एकही वळण नाही, तरी वाजवायला हे भुंग्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण एवढ्या जड नळीत इतका हळू स्वर टिकवणं म्हणजे भरल्या घागरीतून थेंब थेंब पाणी ओतणं.

इथे एक खरी अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. 'एन्काउंटर्स टू' कुठलाही तयारीचा वादक खोलीत बसून बसवू शकतो. ते पिढ्यांमधून पुढे गेलं. नोनोंची रचना मात्र यंत्रणा आणि ती चालवणारा माणूस यांच्यावाचून उभीच राहत नाही. यंत्रं बदलली की ती नव्याने उभारावी लागते. म्हणून ज्या रचनेला आम्ही सर्वांत वर ठेवतो, तीच सर्वांत कमी ऐकायला मिळते.

नॉर्वेच्या ऑयस्टाइन बाड्सविक यांनी यातून आपली वाट काढली. ऑर्केस्ट्रातली नोकरी न धरता केवळ एकलवादक म्हणून ते उभे राहिले, आणि त्यांचं 'फ्नुग' जगभर वाजतं. ओठांनी धरलेला ठेका, डिजेरिडूसारखा घुमारा, वर गायलेला स्वर. ज्याला ट्यूबा माहीत नाही तोही थांबून ऐकतो, आणि हे थोडं नाही. आम्हाला खटकतं ते एवढंच, की ठेका एकदा सुरू झाला की तो सगळ्यांना ओढून नेतो, आणि स्वरांच्या मिसळीकडे कान देण्याआधी पाय हलू लागतात. बाड्सविक स्वतः ती मिसळ जपतात. त्यांचं बघून वाजवणारे पुष्कळदा फक्त ठेका उचलतात.

आता नोनो ऐकू. ऐकण्याआधी एक विनंती. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज येतच नाही, तेव्हा हेडफोन लावा, आणि जमलं तर पंखा बंद करा. पहिल्या मिनिटात आवाज वाढवायचा मोह होईल, तो आवरा.