पथारीवरचे चित्र आणि आपली भिंत

दलित साहित्याची चर्चा आपण पुष्कळ केली. साहित्य कोणासाठी, ते कोणत्या जाणिवेतून येते, त्याचे निकष कोणी ठरवावेत, यावर संमेलने झाली, विशेषांक निघाले, भांडणेही झाली. दलित चित्रकाराविषयी मात्र आपण फारसे बोललो नाही. बोललो तेव्हा त्याच्या चित्रातील आशयाविषयी बोललो. ते चित्र कोण विकत घेतो, कुठे घेतो आणि त्या पैशावर चित्रकाराची चूल किती दिवस पेटते, हे विचारणे आपल्याला गौण वाटले. ते गौण नाही. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात, त्याचा हातही हळूहळू दुसऱ्याचा होतो. बलुत्यावर जगलेल्या आपल्या बापजाद्यांना हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

कवी आणि चित्रकार यांच्या स्थितीत एक मूलभूत फरक आहे. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती निघतात आणि पाचशे गरीब वाचक मिळून एका कवीला उभे करू शकतात. आपल्या शाहिरांनी तर जलशाच्या जागीच गाण्यांच्या छोट्या पुस्तिका विकल्या आणि पुढच्या गावाची वाट धरली. मूळ चित्र एकच असते. त्याला एकच घेणारा लागतो आणि त्याच्याकडे पैशाबरोबर एक कोरडी, मोकळी भिंतही असावी लागते. कुडाच्या झोपडीत आणि चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत अशी भिंत नव्हती. म्हणून कवी आपल्यात राहू शकला आणि चित्रकाराला परक्या भिंतींच्या शोधात बाजारात जावे लागले.

हा बाजार कसा चालतो ते पाहू. दिल्लीत २००८ साली इंडिया आर्ट समिट या नावाने सुरू झालेला आणि पुढे इंडिया आर्ट फेअर म्हणून ओळखला जाऊ लागलेला मेळा प्रामुख्याने कलादालनांचा आहे. दालन गाळा घेते आणि आपल्या चित्रकारांची चित्रे मांडते. ज्याच्या मागे दालन नाही, त्याच्यासाठी वेगळे मेळे आहेत. तेथे गाळ्याचे भाडे आगाऊ भरायचे, फ्रेम स्वतःच्या पैशाने करायच्या, चित्रे गुंडाळून टेम्पोत किंवा रेल्वेत घालायची, मुक्कामाचा खर्च करायचा आणि चार दिवस उभे राहायचे. चित्र विकले गेले तर खर्च निघतो. नाही विकले तर तेच ओझे भाडे देऊन परत आणायचे. पैसा आधी जातो आणि नंतर येतो, किंवा येतच नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हंगामाचे गणित याहून वेगळे नसते. हा जुगार एकदा हरल्यावर दुसऱ्यांदा कोण खेळू शकतो? ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे तोच. म्हणजे ‘स्वतंत्र कलावंत’ या शब्दातले स्वातंत्र्य बहुधा वडिलोपार्जित असते. उरलेल्यांसाठी पदपथ आहे. मुंबईत १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले. त्याच्या बाहेरच्या पदपथावर चित्रे मांडून बसणारे चित्रकार आणि आतले दालन यांच्यामध्ये काही पावलांचेच अंतर आहे. पण ही पावले चालायला एखाद्याचा जन्म पुरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा गरिबीचा प्रश्न झाला, यात जात कुठे आली? मिथिलेचे उदाहरण घेऊ. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाने भास्कर कुलकर्णी या मुंबईच्या चित्रकाराला मधुबनी भागात पाठवले. बायका भिंतीवर जे काढतात ते त्यांनी कागदावर काढावे, म्हणजे ते विकता येईल आणि घरात धान्य येईल, अशी ती योजना होती. योजना यशस्वी झाली. पण प्रथम नाव झाले ते ब्राह्मण आणि कायस्थ घरांतील स्त्रियांचे. जगदंबा देवींना १९७५, सीता देवींना १९८१ आणि गंगा देवींना १९८४ साली पद्मश्री मिळाली. दुष्काळ तर दुसाध वस्तीतही होता. चानो देवींसारख्या दुसाध स्त्रियांनी १९७० च्या दशकात अंगावरच्या गोंदणाच्या आकृत्या कागदावर आणल्या आणि आपल्या राजा सलहेसाची कथा चितारली. ती शैली ‘गोदना’ म्हणून ओळखली गेली. गोदना काढणाऱ्या शांती देवी आणि शिवन पासवान या दांपत्याला पद्मश्री मिळाली ती २०२४ साली. १९७५ आणि २०२४ या दोन सालांमधले अंतर कुंचल्याच्या कौशल्याचे नाही.

या घटनेच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. सलहेस कागदावर आला, दूरच्या शहरांत पोहोचला आणि दुसाध स्त्रीच्या हातात तिच्या कामाचे पैसे आले. हा विजयच आहे. त्याला कोणी कमी लेखू नये. पण बाजाराने येथे जात पुसली नाही, तिला शैलीचे नाव दिले. घेणारा येतो तो ‘त्यांची’ वेगळी रेघ मागत येतो. उद्या त्याच स्त्रीला सलहेस सोडून जमिनीचा मोर्चा काढावासा वाटला, तर मेळ्यातला गिऱ्हाईक म्हणेल, हे तुमचे पारंपरिक नाही. सवर्ण चित्रकाराने शैली बदलली तर तो प्रयोग ठरतो. दलित-आदिवासी चित्रकाराने बदलली तर परंपरेचा ऱ्हास ठरतो! बलुतेदारीचा नियमही हाच होता. काम तेच करायचे, जे बापाने केले.

आणि ज्याने ही रेघ मुळातच नाकारली त्याचे काय? नागपूरचे सावी सावरकर यांनी गळ्यात मडके आणि मागे झाडू बांधलेला अस्पृश्य चितारला, देवदासी चितारली. हे चित्र दिवाणखान्यात सोफ्याच्या वर कोण लावील? मेळ्यात चित्र घेणारा बहुधा भिंतीची शोभा घेत असतो. आरोप विकत घेऊन रोज त्याच्यासमोर चहा पिणारे थोडेच. ज्याला चार दिवसांत गाळ्याचे भाडे वसूल करायचे आहे, तो तरुण चित्रकार मग झाडू काढण्याआधी थबकतो आणि कमळ काढतो. त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. त्याच्या हातावर भाड्याचे पैसे ठेवणे अवघड आहे.

येथे आपल्याकडे बोट वळते. आपलेही मेळे आहेत, आणि ते कोणत्याही आर्ट फेअरहून मोठे आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला दादरची चैत्यभूमी आणि शिवाजी पार्क. तेथे पोटाला चिमटा घेऊन पुस्तक घेणारा माणूस जगातल्या कोणत्याही प्रकाशकाला हेवा वाटावा असा आहे. त्याच पथारीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची चित्रेही विकली जातात. ती स्वस्त छापील चित्रे आहेत, आणि त्यांनी जे केले ते कोणत्याही दालनाला साधलेले नाही. देवाच्या तसबिरी उतरल्या त्या खिळ्यावर त्यांनी जागा घेतली. ती स्वस्तच असावीत. पण त्यांतले मूळ चित्र कोणाच्या हातचे आहे, हे आपण कधी विचारले? चित्राखाली नाव नसते. एकाने काढायचे, दुसऱ्याने छापायचे, तिसऱ्याने विकायचे आणि पहिल्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. काम घ्यायचे आणि करणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, ही रीत आपल्या ओळखीची आहे. ती आपणच चालवावी काय?

कायदा येथे आंधळा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलावंताला आपल्या कृतीवरील कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. ५३-अ कलमानुसार मूळ चित्राची फेरविक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर त्यातील वाटा चित्रकाराला मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. पण हक्क मागायला आधी चित्रावर सही आणि हातात विक्रीची पावती लागते. पथारीवर दोन्ही नसतात.

म्हणून मोठ्या घोषणा न करता काही साध्या गोष्टी करता येतील. आपल्या संमेलनांत पुस्तकांप्रमाणे मूळ चित्रांसाठीही बिनभाड्याची जागा ठेवावी. प्रत्येक विहाराने, वसतिगृहाने, आपल्या शिक्षणसंस्थेने वर्षाला एक मूळ चित्र पावती देऊन घ्यावे. आपल्यातल्या प्राध्यापक, डॉक्टर, अधिकारी यांच्या घरी आता कोरडी भिंत आहे. ती निसर्गदृश्याच्या कॅलेंडरला का द्यावी? छापील चित्राखाली चित्रकाराचे नाव यावे आणि प्रतीमागे त्याला काही मिळावे. आणि आपल्या नियतकालिकांनी मुखपृष्ठावरच्या चित्राचे मानधन द्यावे. ‘चळवळीसाठी द्या’ असे म्हणून चित्र फुकट मागणे आता थांबवावे. कागदवाल्याला आणि छापखान्याला आपण असे कधी म्हणत नाही.

आपल्या चित्रकाराने परक्या मेळ्यात जाऊ नये, असे मी म्हणत नाही. त्याने जरूर जावे, चढ्या भावाने विकावे. पण तेथे चित्र विकले गेले नाही तर परत यायला आपली एक भिंत आहे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. तेवढे ठाऊक असले तर तो तेथेही झाडू काढताना थबकणार नाही.