‘मावळ’ शब्दाची व्युत्पत्ति : एक परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या पूर्व अंगास जीं नद्यांचीं खोरीं आहेत त्यांस मावळ म्हणतात. सूर्य त्या बाजूस मावळतो म्हणून तें मावळ, अशी व्युत्पत्ति वारंवार सांगण्यांत येते. ती ऐकण्यास गोड आहे. परंतु पुराव्यास उतरत नाहीं, असें आमचें मत आहे.

पहिला पुरावा शिलालेखाचा. कार्ले येथील एका सातवाहनकालीन लेखांत वलूरक लेण्यांतील भिक्षूंस करजक गांव दिल्याची आज्ञा कोरलेली असून, तें गांव ‘मामलाहारां’त असल्याचें तींत म्हटलें आहे. आहार म्हणजे राज्यकारभाराचा विभाग. नाशिकच्या लेखांतील गोवर्धनाहार तसाच. कार्लें आजही मावळ तालुक्यांतच मोडतें. म्हणजे नांव व स्थळ दोन्हीं जुळतात.

दुसरा पुरावा ध्वनींचा. ग्रामाचें गांव, नामाचें नांव. फलाचें फळ, कालाचा काळ. याच नियमांनीं मामलाचें मावळ सरळ सिद्ध होतें. शिवाय, ‘पश्चिम’ एवढाच अर्थ असता तर त्याच दिशेस पुढें असलेल्या कोंकणासही हें नांव पडावयास हवें होतें. तें पडलेलें नाहीं.

यावर एक आक्षेप विचारार्ह आहे. लेखांत मामल एकच. कागदपत्रांत तर बारा मावळें! आम्हांस असें वाटतें कीं, कार्ल्याभोंवतालच्या प्रदेशाचें विशेषनाम पुढें तशाच इतर भूमीचें सामान्यनाम झालें असावें. आंदर, नाणे व पवन हीं मावळें त्या मूळ स्थळाजवळचीं; गुंजण व हिरडस हीं दूर दक्षिणेकडील. हिरडस मावळास लागूनच मात्र रोहिड ‘खोरें’ आहे, आणि जुन्नराकडे मीननेर, कुकडनेर अशीं ‘नेरें’ आहेत. भूमीचें रूप एक, शब्द तीन.

बारा मावळांच्या निरनिराळ्या याद्या एकमेकींशीं सर्वस्वी जुळत नाहींत, हें संग्राहकांस ठाऊकच आहे. म्हणून त्यांस आमची विनंती कीं, नक्कल करतांना ‘खोरें’ असेल तेथें ‘मावळ’ लिहून याद्या एकसारख्या करूं नयेत. कोणता शब्द कोठवर पोंचला, हें दाखविणारा पुरावा त्या भेदांतच आहे. तो लेखणीच्या एका फटकाऱ्यानें नाहींसा होईल.