जपानी काव्य व मराठी हायकू

जपानी काव्यात प्रतिबिंबित झालेले मानवी संबंध व समाजजीवन आणि मराठी हायकूने त्यातून केलेला स्वीकार यांचा विचार. जपानी कविता म्हणजे निसर्गाचे क्षणचित्र, हा समज अंशतःच खरा आहे. आठव्या शतकातील मान्योशू या सु. ४,५०० कवितांच्या संग्रहात दरबारी रचनांबरोबरच सीमेवर धाडलेल्या सैनिकांची विरहगीते आढळतात. त्यातीलच यामानोउए नो ओकुरा याच्या संवादकाव्यात करवसुलीने गांजलेल्या दरिद्री कुटुंबाची व्यथा आहे. ३१ अवयवांच्या तांका या रचनेतून दरबारातील प्रेमिक परस्परांशी पत्रव्यवहार करीत. रेंगा ही अनेक कवींनी मिळून गुंफावयाची साखळीकविता. तिचा ऋतुसूचक आरंभ पाहुण्याने करावा व यजमानाने त्यास जोड द्यावी, असा संकेत होता. या आरंभकडव्यातूनच हायकू स्वतंत्र झाला. त्याच १७ अवयवांत, ऋतूचे बंधन न पाळता, घरातील नातीगोती व अधिकारी यांची थट्टा करणारा सेन्र्यू अठराव्या शतकात बहरला. योसानो आकिको (१८७८–१९४२) या कवयित्रीने १९०४ मध्ये रणांगणावरील भावास उद्देशून लिहिलेली कविता तर युद्धविरोधी म्हणून वादग्रस्त ठरली.

मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय मुख्यतः मुंबईच्या कवयित्री शिरीष पै (१९२९–२०१७) यांना जाते. अवयवांची काटेकोर मोजणी न करता तीन लहान ओळी आणि बहुधा त्यांतील दोहोंचे यमक, असे मराठीला मानवणारे रूप त्यांनी घडविले. त्यांच्या रचनांत पाखरे, पाऊस, झाडे यांच्या साक्षीने एकाकी मनाचा स्पर्श जाणवतो. तथापि त्यांच्या अनुकरणातून आलेल्या पुष्कळ हायकूंत केवळ तीन ओळींचा साचाच उरला. निसर्गदर्शन आले, पण पाहुणा व यजमान यांच्यातील काव्यसंवाद आणि सेन्र्यूची समाजावरील तिरकस नजर मागेच राहिली. विशेष म्हणजे मराठीला या दोन्ही गोष्टी परक्या नव्हत्या. जात्यावरच्या ओवीत मायलेकी, बहीणभाऊ, सासुरवास यांचा संसार मोजक्या शब्दांत सामावलेला आहे. शिरीष पै यांचे वडील प्र. के. अत्रे यांच्या झेंडूची फुले या विडंबनसंग्रहात उपहासाची परंपराही सिद्ध होती. हायकूचा संयम व ओवीचा जिव्हाळा यांची सांगड पुरेशी घातली गेली नाही, ही मराठी हायकूची मर्यादा होय. त्याच्या पुढील विकासाची दिशाही तीत सूचित होते.