कोल्हा काकडीला राजी

आमच्या घरात त्याला ‘कोल्हा’ म्हणतात. ते चूक आहे हे मला ठाऊक आहे. कोल्हा तो आपल्याकडचा, उसाच्या फडातला. हा कोयोट, नात्याने लांडग्याला अधिक जवळचा. पण आई पहिल्यांदा फोर्ट कॉलिन्सला आली तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने त्याला पाहिले आणि “अगंबाई, कोल्हा!” म्हणाली, तेव्हापासून नाव पडले ते पडले. इंग्रजीतही त्याच्या नावाचा घोळ आहेच. शहरी माणूस ‘कायोटी’ म्हणतो, गुरे-मेंढ्या राखणारा ‘कायोट’ म्हणतो. डॅन फ्लोरेस यांच्या मते माणूस कोणत्या बाजूचा आहे याचा अंदाज तेवढ्या उच्चारावरून येतो. मूळ शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला, कोयोत्ल. मी आपला ‘कोयोट’ लिहितो. माझी बाजू कोणती, ते वाचकांनी लेख वाचून ठरवावे.

फ्लोरेस यांचे ‘कोयोट अमेरिका’ हे पुस्तक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते माँटाना विद्यापीठात पश्चिम अमेरिकेचा इतिहास शिकवत असत, आणि निवृत्तीनंतर न्यू मेक्सिकोत सँटा फेजवळ राहतात. पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोन रात्रींत संपवले, तीन मित्रांना वाचायला दिले आणि मंडळाच्या हॉर्सटूथ तळ्यावरच्या पिकनिकला त्यावर अर्धा तास भाषण ठोकले. (ज्यांनी ते ऐकले त्यांची इथे क्षमा मागतो.) यंदा ते पुन्हा वाचले. पुस्तक तेच आहे, पण मध्यंतरी एक गोष्ट घडली, आणि आता त्यातले एक रिकामे दालन मला दिसू लागले आहे. त्याबद्दल हे लिहिणे.

आधी पुस्तकाचे देणे मान्य करतो. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या कथांत कोयोट हा देव आहे, आणि देव असून लबाड, खादाड, फजिती करून घेणारा आहे. फ्लोरेस त्याच्यापासून सुरुवात करतात. मग लुइस आणि क्लार्क येतात. १८०४ मध्ये या जनावराशी गाठ पडली तेव्हा याला काय म्हणावे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ‘कुरणातला लांडगा’ म्हटले. १८२३ मध्ये टॉमस से यांनी त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा, हे शास्त्रीय नाव दिले. १८७२ मध्ये मार्क ट्वेनने ‘रफिंग इट’मध्ये त्याची अशी टर उडवली की भुकेकंगाल भित्रा ही त्याची ख्याती पुढे कायमची चिकटली. एका लेखकाच्या विनोदाने एका जनावराचे किती वाटोळे होऊ शकते हे या प्रकरणात वाचावे. विनोदी लेखन करणाऱ्या आपल्या मंडळींनी तर अवश्य वाचावे.

पुस्तकाचा कणा मात्र सरकारी विषप्रयोगाचा इतिहास हा आहे. १९१५ पासून वॉशिंग्टनने या कामाला पैसे दिले आणि १९३१ मध्ये काँग्रेसने त्यासाठी कायदाच केला. आधी स्ट्रिक्नीन होते, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास थॅलियम आणि ‘दहा-ऐंशी’ नावाचे जहर आले. १९४७ ते १९५६ या काळात सुमारे पासष्ट लाख कोयोट विषाने मेले, असा आकडा फ्लोरेस देतात. १९७२ मध्ये निक्सन यांनी सरकारी जमिनींवर हे विष बंद केले, पण पुढे सवलतींच्या फटींतून त्यातले काही परत आले. खात्याचे नाव बदलले, काम चालूच आहे. अलीकडच्या वर्षांतही हे खाते वर्षाला पन्नास हजारांहून जास्त कोयोट मारते. आणि एवढे करून काय झाले? एकेकाळी पश्चिमेच्या मैदानांत राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून सगळ्या राज्यांत आहे, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात आहे. फ्लोरेस हे सांगताना रागावत नाहीत, गालात हसतात. ते हसणे मला आवडले.

आता आहाराचा मुद्दा. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही आपली म्हण कोयोटला अगदी लागू पडते. उंदीर, ससे, टोळ, मेलेली हरणे, निवडुंगाची फळे, पडलेली सफरचंदे, टरबुजे, काहीही. मुरी बंधूंनी हे पद्धतशीर तपासले. ओलॉसने वायोमिंगमधल्या जॅक्सन होलमध्ये, तर ॲडॉल्फने यलोस्टोनमध्ये हजारो लेंड्या गोळा करून त्यांतले केस, हाडे, टोळांचे पाय मोजले. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲडॉल्फच्या अहवालाचा निष्कर्ष असा की कोयोटचे पोट मुख्यतः उंदरांवर आणि टोळांवर चालते, आणि एल्कचे मांस बहुतेक मेलेल्या जनावराचे असते. ज्या सरकारला शिकारीचे समर्थन हवे होते त्याच्याच नोकराने हे लिहिले, हे महत्त्वाचे. फ्लोरेस यांचा हा भाग उत्तम उतरला आहे.

पण इथेच माझे पहिले भांडण. पोटात काय सापडले हा एक प्रश्न, आणि कुरणातून काय गेले हा दुसरा. शंभर लेंड्यांत दोनच ठिकाणी लोकर सापडली तरी ती दोन्ही एकाच माणसाच्या कोकरांची असू शकते. चाळीत वर्षाला एकच घरफोडी होते म्हणून ज्याचे घर फुटले त्याला आपण सरासरी सांगायला जात नाही. सरकारी पाहण्यांत शिकारी प्राण्यांनी मारलेल्या मेंढ्या-कोकरांपैकी निम्म्याहून अधिक कोयोटच्या नावावर निघतात, आणि हे नुकसान सगळीकडे सारखे पसरत नाही. बहुतेकांचे काहीच जात नाही, एखाद्याच्या वसंतातली कमाई जाते.

शास्त्रज्ञांनी यावर नेमके काम केले आहे, आणि त्याला पुस्तकात याहून जास्त जागा हवी होती असे मला वाटते. कॅलिफोर्नियात हॉपलंड येथे विद्यापीठाच्या मेंढी केंद्रावर असे आढळले की कोकरे मारणारे बहुतेक कोयोट हे त्या हद्दीचे मालक असलेले, पिल्ले असलेले जोडपे असते. उनाड, तरुण, एकटे फिरणारे सापळ्यात सहज सापडतात, पण गुन्हेगार सहसा ते नसतात. वायोमिंगमध्ये बिळातली पिल्ले काढली तेव्हा कोकरे मारणे घटले. युटामध्ये जोडप्यांची नसबंदी केली, हद्द त्यांचीच राहू दिली, तर ती कोकरांना कमी त्रास देऊ लागली. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत एकीकडे कोकरे जन्मतात, दुसरीकडे बिळात पाच-सहा तोंडे उघडतात, आणि आईबापांना उंदीर पुरत नाहीत. ‘सगळे मारा’ म्हणणारा इथे चुकतो, आणि ‘बिचारा उंदीर खातो’ म्हणणाराही. हा सगळा कज्जा एका कुरणाचा आणि दोन महिन्यांचा आहे.

दुसरे भांडण छोटे. कोयोट रात्री ओरडून शेजारच्या टोळ्यांची शिरगणती करतात, आणि उत्तर आले नाही की माद्या जास्त पिल्ले घालतात, असे फ्लोरेस सांगतात. कल्पना सुरेख आहे. पण मारल्यावर जे उरतात त्यांना खायला अधिक मिळते, कमी वयाच्या माद्याही वितात, पिल्ले जास्त जगतात, एवढ्या साध्या गोष्टींनी तोच परिणाम होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉनॉली आणि लाँगहर्स्ट यांनी १९७५ मध्येच गणित मांडले होते की दरवर्षी पाऊणशे टक्के मारले तरी संख्या संपायला पन्नासेक वर्षे लागतील. एवढा पुरावा हाताशी असताना आरोळ्यांची शिरगणती कशाला? इतिहासकाराला गोष्ट आवडली, आणि त्याने ती ठेवली.

आता मध्यंतरी काय घडले ते. आमच्या वसाहतीच्या उत्तरेला एका म्हाताऱ्या मेंढपाळाचे कुरण आहे. त्याच्याकडे ग्रेट पिरेनीज जातीचे दोन पांढरे राखणीचे कुत्रे आहेत, आणि ते रात्रभर भुंकतात. भुंकणे हेच त्यांचे काम. वसाहतीतल्या लोकांनी त्याविरुद्ध तक्रारीचा कागद फिरवला आणि त्यावर मीही सही केली. कोयोटवर अर्धा तास भाषण देणाऱ्या माणसाने! विष नको, सापळे नकोत, राखणीचे कुत्रे ठेवा, हेच मी पिकनिकला सांगितले होते. कुत्र्यांनी माझी झोप मोडली तेव्हा ते मला आठवले नाही. १९९६ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी सापळ्यांवर आणि विषावर बंदी घातली, २०२० मध्ये निसटत्या बहुमताने लांडगे परत आणायचे ठरवले, आणि २०२३ च्या डिसेंबरात ते आलेही. त्या २०२० च्या मतांत माझे एक आहे आणि त्याची मला लाज नाही. पण ती मते बहुतांशी आम्हा शहरवाल्यांची होती, आणि ‘कोयोट अमेरिका’सारखी पुस्तके आम्हीच वाचतो.

मेंढपाळाला भेटायला गेलो तो शरमेपोटी. त्याने मला एक मेलेले कोकरू दाखवले. घशाखाली दातांच्या चार खुणा, बाकी अंग जवळजवळ तसेच. मोकाट कुत्रा मागून पाय फाडतो, कोयोट गळा धरून श्वास कोंडतो, हे त्याने बोट ठेवून समजावले. फ्लोरेस यांच्या पुस्तकात मेंढपाळ येतो तो बहुधा जथ्याने, वॉशिंग्टनला अर्ज करणारा. हे बोट मला त्यात सापडले नाही. जे. फ्रँक डोबी यांच्या १९४९ च्या ‘द व्हॉइस ऑफ द कोयोट’मध्ये ते आहे. डोबी टेक्सासच्या रँचवर वाढलेले. त्यांचे शास्त्र जुने झाले, रचना विस्कळीत आहे, पण कोयोटवर जीव असलेला आणि कोयोटवर बंदूक धरलेला असे दोघेही त्यांच्या पानांवर एकाच ओट्यावर बसून बोलतात.

एका बाबतीत मात्र फ्लोरेस यांच्या बाजूचेच म्हणणे खरे ठरते. या देशात १९४२ च्या सुमारास साडेपाच कोटींवर मेंढ्या होत्या, आज पन्नास लाखांच्या आसपास आहेत. किम बर्गर यांच्या २००६ च्या अभ्यासात या घसरणीची कारणे मुख्यतः भाव आणि मजुरी अशी निघाली, कोयोट मारण्याने ती थांबली नाही. म्हाताऱ्याला हे सांगितले तर तो म्हणाला, ते त्याला ठाऊक आहे, लोकरीचा चेक त्यालाच येतो.

त्याला मी पुस्तक दिले. तीन आठवड्यांनी परत आले. विषाच्या प्रकरणात एक पान दुमडलेले होते. १९६० च्या दशकात त्याच्या वडिलांनी कुंपणापलीकडे आमिष ठेवू दिले होते, आणि ते त्यांच्याच कुत्रीने खाल्ले. ती मरायला किती वेळ लागला ते त्याने सांगितले, मी इथे लिहीत नाही. बाकी पुस्तकाबद्दल तो काही बोलला नाही. डोबी आहे का, एवढे विचारले. तो मी त्याला दिला आहे. तक्रारीवरची सही मी मागे घेतली, वसाहतीतल्या बाकीच्यांनी अजून घेतलेली नाही. हे लिहितो आहे तेव्हा रात्रीचे दोन वाजले आहेत, आणि कुत्रे भुंकताहेत.