'मित्राची गोष्ट' आणि शालेय मित्रमंडळाचा प्रश्न

विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीविषयीच ओढ वाटणारी एक तरुणी, सुमित्रा, या नाटकाच्या मध्यभागी आहे. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकाचा विचार करताना आपले लक्ष साहजिकच या नायिकेवर खिळते. प्रस्तुत लेखात मात्र तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बापूकडे पाहावयाचे आहे. शीर्षकातील षष्ठी दुहेरी आहे. ती 'मित्रा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमित्रेची गोष्ट आहे, तशीच ती तिचा मित्र असलेल्या बापूचीही आहे. किंबहुना ती सांगतो बापूच.

समलिंगी कल असलेले व नसलेले विद्यार्थी यांचे मिळून शाळेत एखादे मंडळ असावे काय, आणि असल्यास ते कसे चालावे, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे मर्म बापूच्या व्यक्तिरेखेत सापडते, असे आमचे प्रतिपादन आहे.

नाटकातील काळ स्वातंत्र्यपूर्व असून स्थळ महाविद्यालयीन जीवनाचे आहे. महाविद्यालयातील एका नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, नमा तिची नायिका होते, आणि मित्राच्या मनातील ओढीस तेथे निश्चित विषय मिळतो. बापू हे सारे जाणतो. तो तिचे ऐकून घेतो, तिचे गुपित सांभाळतो, दोघींच्या भेटीसाठी आपली खोलीही देतो. नमेवर हक्क सांगणारा मन्या दळवी वैर धरतो, तेव्हा त्याची झळ बापूलाही लागते. अखेरीस मित्रा जीवनाचा शेत करते असे नव्हे, तर ती ते स्वतःच्या हाताने संपविते. आणि त्या वेळी बापू तिच्याजवळ नसतो.

बापूच्या ठिकाणी सहानुभूती नाही असे कोणीही म्हणणार नाही. त्याच्या मनात मित्राविषयी स्वतःची अशी ओढ आहे, त्यामुळे त्याची मदत सर्वस्वी निर्लेप नाही, हे खरे. तरी तो तिची चेष्टा करीत नाही, तिला सुधारू पाहत नाही. मग तो अपुरा का पडतो? आमच्या मते याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्याच्या स्थितीत शोधावे. बापू जे जे करतो ते चोरून करतो. खोली चोरून द्यावयाची, भेट चोरून ठरवावयाची, बोलणे दाबून ठेवावयाचे. ज्या साहाय्याला लपूनच राहावे लागते, त्याला गुन्ह्याचे रूप येते. गोष्ट चव्हाट्यावर आली की असा एकटा मित्र साक्षीदार म्हणून उभा राहू शकत नाही. तो आरोपीच्या साथीदारांत गणला जातो. त्याच्या पाठीशी शिक्षक नाही, सहाध्यायी नाहीत, संस्थेचा एखादा नियमही नाही.

यावर असा आक्षेप येईल की, मित्राचा शेवट तिच्या हट्टी व मानी स्वभावातून येतो, आणि तेंडुलकरांना शोकात्म नायिकाच रंगवावयाची होती. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. तथापि नाटकाच्या रचनेतच एक सूचक गोष्ट आहे. पुरुष म्हणून नमेसमोर उभे राहण्याची मुभा मित्राला त्या संस्थेत एकाच जागी मिळते, आणि ती जागा म्हणजे रंगमंच. पडदा पडताच ती मुभा संपते. रंगमंच आणि बापूची खोली यांच्या दरम्यान तिसरी जागाच नसल्याने शोकांतिका घडते, असे वाचन आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) या कादंबरीत हाच अभाव घराच्या चौकटीत दिसतो. पुण्यातील एका कुटुंबात भाड्याने राहावयास आलेल्या तरुणावर घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा ही दोघेही प्रेम करतात. कादंबरीचे दोन भाग आहेत. एक भावाचा, दुसरा बहिणीचा. दोघांचे दुःख एकाच माणसाने दिलेले आहे, दोघे एकाच छपराखाली वाढलेली आहेत, तरीही ती दोन स्वगते परस्परांना मिळत नाहीत. बहिणीचे दुःख घरातल्यांना निदान दिसते, त्याला रागाचा व उपचाराचा का होईना, प्रतिसाद मिळतो. भावाच्या दुःखाला नावच नाही. बापूला माहीत आहे पण जागा नाही. तनय व अनुजा यांना जागा आहे पण बोलणे नाही. दोन्ही कृती मिळून एकच गोष्ट सांगतात: खाजगी जिव्हाळा कितीही खरा असला तरी तो या प्रश्नाला पुरत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत शाळेच्या पातळीवर झाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील काँकर्ड अकादमी या शाळेत १९८८ मध्ये इतिहासाचे शिक्षक केविन जेनिंग्ज यांच्या साहाय्याने 'गे-स्ट्रेट अलायन्स' या नावाचे मंडळ निघाले. जेनिंग्ज स्वतः समलिंगी होते. परंतु मंडळाची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आलेली विद्यार्थिनी समलिंगी नव्हती. तिची आई समलिंगी होती, आणि शाळेत ऐकू येणारी हेटाळणी तिला सोसवत नव्हती. नाव ठरले तेही दोन्ही पक्षांना जोडणारे. यातील शहाणपण असे की, जेथे कोणीही सभासद होऊ शकतो, तेथे सभासदत्वावरून कोणाविषयी काहीच सिद्ध होत नाही. ज्याला स्वतःविषयी बोलावयाचे नाही तोही निर्धास्तपणे येऊन बसू शकतो. बापूची खोली जे देऊ शकत नव्हती ते हेच होय.

विरोधही झाला. सॉल्ट लेक सिटी येथील ईस्ट हायस्कूलमध्ये १९९६ साली असे मंडळ निघू लागताच तेथील शिक्षणमंडळाने त्या एका मंडळाला थोपविण्यासाठी अभ्यासक्रमाबाहेरील सर्वच विद्यार्थिमंडळे बंद केली. २००० मध्ये तो निर्बंध उठला. भीती किती महाग पडते याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रश्न असा की, सातारा-सांगलीकडील शाळांत ही कल्पना परकी ठरेल काय? या भूमीला रूढ साच्याबाहेरील माणूस अपरिचित नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले ते सांगलीत. पुरुषाने स्त्रीभूमिका करावी आणि लोकांनी ती डोक्यावर घ्यावी, ही परंपरा येथील रसिकांच्या रक्तात आहे, आणि नागठाणे हे बालगंधर्वांचे गाव याच जिल्ह्यात आहे. तमाशातील नाच्या व यल्लम्माचा जोगत्या हेही गावागावांना माहीत आहेत. स्त्रीभूमिका करणे, स्त्रीवेष धारण करणे आणि समलिंगी ओढ असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत करू नये. आमचा मुद्दा वेगळा आहे. साचा ओलांडण्याची मुभा येथे दिवट्यांच्या उजेडात आणि देवीच्या दारात मिळाली; शाळेच्या अंगणात मिळाली नाही. ज्या चालीला रंगमंचावर टाळी पडते, त्याच चालीच्या मुलाला मधल्या सुटीत 'बायल्या' ही हाक ऐकावी लागते.

परंतु याच भागात शाळेची दुसरीही एक परंपरा आहे. भाऊराव पाटील यांनी १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालविण्यात भाग घेतला, १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास जे वसतिगृह काढले त्यास पुढे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीस जेवत. अस्पृश्य मुलाला धीर द्या, एवढे सांगून भाऊराव थांबले नाहीत. इतरांनी त्याच्या शेजारी बसावे अशी व्यवस्था त्यांनी केली. हेटाळणीचा भार सोसणाऱ्यावरच ती दूर करण्याचा भार टाकावयाचा नाही, हे त्या पंगतीचे तत्त्व होते. आणि मित्रमंडळाचेही तेच आहे.

साम्य येथे संपते, आणि भेद ध्यानात घेतला पाहिजे. जात शाळेच्या दाखल्यावर लिहिलेली असे. लैंगिक कल कोठेही लिहिलेला नसतो, आणि तो लिहिला जाऊ नये. त्यामुळे मंडळाचा पहिला नियम असा असावा की, कोणालाही त्याच्याविषयी विचारले जाणार नाही व सांगण्याची सक्ती होणार नाही. हजेरीची यादी नको. नाव साधे असावे. 'मित्रमंडळ' पुरेसे आहे. आरंभ हेटाळणीच्या शब्दांपासून व्हावा, कारण त्या शब्दांचा उपद्रव केवळ समलिंगी मुलांनाच होतो असे नाही. हळुवार बोलणारा, खेळात मागे पडणारा, केस आखूड ठेवणारी, अशा कितीतरी मुलामुलींना तो होतो. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्यावी आणि निदान दोन शिक्षक सोबत असावेत, म्हणजे एकाची बदली झाली तरी मंडळ मोडणार नाही.

प्रश्नपेटी हे दुसरे साधन. त्यालाही मराठीत पूर्वपीठिका आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही त्याला कागदावर प्रश्न विचारता येतो, हे कर्व्यांना उमगले होते. खटला हरला गेला, दंड झाला. पण प्रश्न थांबले नाहीत.

गुप्ततेविषयी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट सांगावी लागेल. मुलाने विश्वासाने सांगितलेली आपल्या मनाची ओढ शिक्षकाने घरी कळवावयाची नाही. परंतु कोणी मुलावर लैंगिक अत्याचार करीत असल्याचे कळल्यास, २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये ते अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलांना आधी सांगितली तर विश्वासघात होत नाही. तसेच हे मंडळ जोड्या जमविण्याचे ठिकाण नव्हे आणि कोणाला 'बरे' करण्याचे रुग्णालयही नव्हे, हे पालकांना सांगता आले पाहिजे.

अडचणी लहान नाहीत. महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम शासनाने स्थगित केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचा परस्परसंमतीचा समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळला. तरी २०२१ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने तृतीयपंथी मुलांच्या शालेय समावेशनाविषयी शिक्षकांसाठी काढलेली पुस्तिका आक्षेप येताच काही दिवसांत संकेतस्थळावरून काढली गेली. उलटपक्षी, दिल्लीच्या वसंत विहार येथील टागोर इंटरनॅशनल स्कूलमध्ये विद्यार्थ्यांनी 'ब्रेकिंग बॅरियर्स' ही मोहीम चालवून दाखविली. आणि सांगलीतच १९९२ पासून काम करणारी 'संग्राम' ही संस्था आहे. तिच्या परिवारात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' आणि पुरुष व तृतीयपंथीयांचे 'मुस्कान' हे संघटन उभे राहिले. ती प्रौढांची संघटने असून त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. शाळेने त्यांची नक्कल करावयाची नाही. पण एकट्या माणसाला जे बोलता येत नाही ते समूहाला बोलता येते, हा धडा त्याच गावात उपलब्ध आहे.

शेवटी साहित्याकडे वळू. मराठीतील या विषयावरील लेखन समलिंगी व्यक्तीच्या मनात शिरण्यात पुष्कळ पुढे गेले आहे. बिंदुमाधव खिरे यांच्या 'पार्टनर' या कादंबरीने ते अंतरंग मराठीत अधिक निःसंकोचपणे उघडले. भोवतालच्या माणसांचे चित्र मात्र अद्याप अपुरे आहे. छळणारा, लाजणारा, पळून जाणारा, असे त्याचे प्रकार आपल्याला भेटतात. चारचौघांत, संस्थेच्या संमतीने, शेजारी बसणारा सहाध्यायी क्वचितच भेटतो. तो पुस्तकात नाही, कारण तो शाळेत नाही. तेंडुलकरांनी बापूला दोषमुक्त केले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक होय. परंतु बापूवरील दोषाचा मोठा वाटा ज्या संस्थेत तो शिकत होता तिच्याकडे जातो, आणि आजच्या सातारा-सांगलीतील एखाद्या माध्यमिक शाळेस तो वाटा उतरविणे अशक्य नाही. त्यासाठी आठवड्यातील एक तास, एक रिकामा वर्ग आणि दोन शिक्षक लागतील.